टिटवीचा जमिनीवरचा आठवडा

माझी मावसबहीण खलाशी आहे असं सांगितलं की लोक आधी माझं बोलणं दुरुस्त करायला बघतात. म्हणजे बोटीच्या ऑफिसात का? म्हणजे प्रवाशांना खाणंपिणं देते का? नाही. ती मालवाहू जहाजाच्या डेकवर काम करते. गंज खरवडते, रंग लावते, माझ्या दंडाएवढे जाड दोर ओढते आणि जहाज धक्क्याला लागताना पुढच्या टोकाला उभी राहून त्यांना बांधलेली हलकी दोरी किनाऱ्यावर फेकते. घरात तिला सगळे टिटवी म्हणतात. लहानपणीच्या तिच्या काटकुळ्या तंगड्या आणि घर डोक्यावर घेणारा आवाज बघून आजोबांनी ते नाव ठेवलं. ती जहाजावर जायला निघाली तेव्हा नात्यातल्या कुणीतरी आजोबांना टोचून विचारलं, "आता ही टिटवी समुद्रात जाऊन काय दिवे लावणार?" आजोबा पेपरातून मान वर न करता म्हणाले, "टिटवी देखील समुद्र आटवी. बघत राहा."

पहिल्या जहाजावरून ती परत आली ती रापून, खांद्यानं रुंद होऊन आणि पूर्वीपेक्षा जास्त बडबडी होऊन. पुढचं जहाज तेल वाहून नेणारं होतं. त्यावर चढायच्या आधी आग, पाणी आणि धूर यांतून जिवंत कसं बाहेर पडायचं याचं आठवडाभराचं प्रशिक्षण तिला पार करायचं होतं. केंद्र आमच्या गावात, बंदराच्या भिंतीला लागून. त्यामुळे ती आमच्याकडे उतरली. आमच्याकडे म्हणजे तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत, मी आणि आई. बाहेरच्या खोलीत खिडकीशी आईचं शिवणयंत्र. ती लोकांचे पडदे शिवते, त्यामुळे आमच्या घरात कायम कुणाच्या तरी दिवाणखान्याचे ढीग पडलेले असतात. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. टिटवी माझ्याच पलंगावर झोपायची आणि झोपेतही जागा सोडायची नाही.

आईचा नियम साधा होता. नऊला दाराला कडी. बाबा गेल्यापासून तो नियम कुणी मोडला नव्हता, कारण मोडणार कोण? मी तर साडेसातलाच घरात असायचे.

सोमवारी टिटवी वर्गातून आली, तोंडावर पाणी मारलं आणि म्हणाली, "ताई, चल."

"कुठे?"

"बाहेर."

"बाहेर म्हणजे कुठे बाहेर?"

"जिथे भिंती नाहीत तिथे. चप्पल घाल."

आई यंत्रावरून म्हणाली, "दिवसभर शिकून आली आहेस. उद्या पुन्हा पहाटे उठायचं. अभ्यास कर, झोप."

"मावशी," टिटवी केस बांधत म्हणाली, "दिवसभर मरायचं कसं नाही ते शिकले. मग संध्याकाळी थोडं जगायला नको?"

आईनं सुईत दोरा ओवला. तिच्याकडे उत्तर नसलं की ती दोरा ओवते.

त्या संध्याकाळी आम्ही लाटा अडवणाऱ्या लांब भिंतीवर बसून कागदातले तळलेले मासे खाल्ले. टिटवीनं मला बंदरातल्या दिव्यांवरून कुठलं जहाज येतंय आणि कुठलं जातंय ते ओळखायला शिकवलं. आयुष्यभर त्याच गावात राहून मला ते ठाऊक नव्हतं. जहाजावर संध्याकाळ नसतेच, असं ती म्हणाली. पाळी संपते, अरुंद बोळातून आपल्या खोलीत जायचं, पाळी लागते, त्याच बोळातून परत. "सुट्टीच्या दिवशी सगळ्यात लांब फिरायला गेले ती जहाजाच्या मागच्या टोकापर्यंत. तिथून वळले, कारण पुढे जागाच नव्हती." ती हे हसत सांगत होती, पण त्यानंतर तिला घरी चल म्हणायला माझी जीभ रेटली नाही. नऊला पाच मिनिटं असताना आम्ही जिना चढलो. आईनं घड्याळाकडे पाहिलं आणि पदर खोचावा तशी मोजपट्टी गळ्यात सारखी केली.

मंगळवारी मात्र नऊची वेळ आम्हाला सापडलीच नाही. टिटवी मला बाजारामागच्या नाचाच्या हॉलवर घेऊन गेली. मी भिंतीला पाठ लावून उभी होते. ती मात्र पहिल्या गाण्यापासून मधोमध. दिवसभर तिनं पाण्याचा जड पाइप खांद्यावर घेऊन आग विझवली होती, भुवईचे दोन-चार केस जळले होते, आणि ती अशी नाचत होती की अंगात हाडं नावाची गोष्टच नाही. लोक शिट्ट्या मारत होते. त्यात तिच्याच वर्गातला एक जण होता, इंजिनरूममध्ये काम करणारा, तेलकट केसांचा. त्यानं तिला नाचायला विचारलं. ती म्हणाली, "नाच ना, हॉल मोठा आहे," आणि पाठ फिरवली. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण पुढे ते भोवलं.

परत आलो तर दाराला आतून कडी. मी हळूच दोन टकटक केल्या. आई जागी होती, दाराखालून दिवा दिसत होता, पण उघडेना. मला रडू फुटायच्या बेतात होतं. टिटवीनं मला बाजूला केलं आणि मुठीनं दार वाजवायला सुरुवात केली. सात वेळा तोकडं, मग एकदा लांबलचक, तळहातानं घासत. पुन्हा सात, पुन्हा लांब.

"हे काय?" मी घाबरून विचारलं.

"जहाजावरचा धोक्याचा इशारा. हा ऐकला की कप्तानसुद्धा लुंगीवर बाहेर येतो."

आई आली. तिच्या आधी समोरची शेजारीण आली, तिचा नवरा आला, वरच्या मजल्यावरचे शिक्षक हातात पट्टी घेऊन आले. आईनं त्या सगळ्यांना "काही नाही, पोरी खेळतात" म्हणून वाटेला लावलं आणि दार बंद झाल्यावर आम्हा दोघींना उभं-आडवं फैलावर घेतलं. लोक काय म्हणतील, इथपासून ते तिच्या आईला मी काय तोंड दाखवू, इथपर्यंत. टिटवी ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "मावशी, तुला राग आलाय तो खरा आहे. पण उद्या पण आम्ही जाणार. लपूनछपून जायचं का सांगून जायचं, एवढंच तू ठरव."

आईनं दोरा ओवायला घेतला. रात्रीच्या त्या वेळी यंत्रावर कापडसुद्धा नव्हतं.

केंद्रात त्यांना शिकवायला एक मास्तर होते. आगीच्या बंबावर उभी हयात काढलेले, मनगटावर जुन्या भाजल्याचे डाग. धुराची खोली त्यांच्या ताब्यात म्हणून पोरं त्यांना धूरमास्तर म्हणत. माणूस कडक. कुणी उत्तर पुटपुटलं की ओरडायचे, "मोठ्यानं बोल! समुद्र काय कान देऊन ऐकणार आहे?" टिटवीला ते आवडायचे. "आवाज माझ्यासारखाच आहे," म्हणायची.

बुधवारी तलावावर दोघांची पहिली चकमक झाली. राफ्ट म्हणजे रबरी तराफा, जहाज बुडालं की आपोआप फुगणारा. तो कधी कधी उलटा फुगतो. मग एकानं त्याच्या पोटावर चढून, पट्टा धरून, सगळं वजन मागे टाकून त्याला सुलटा करायचा असतो. तो सुलटा होतो तो थेट तुमच्या अंगावर. खाली अडकलात तर घाबरायचं नाही, उताणं होऊन हातानं छत ढकलत बाहेर यायचं.

टिटवीची पाळी आली तेव्हा धूरमास्तर म्हणाले, "तू एक जण मदतीला घे. मुलींना आम्ही सवलत देतो."

"समुद्र देतो का, सर?"

"काय?"

"समुद्र सवलत देतो का?" तिनं मोठ्यानं विचारलं.

मास्तरांनी शिट्टी तोंडात धरली आणि काठावरून हातानं 'कर' अशी खूण केली.

पहिल्यांदा ती नुसती लटकली. राफ्ट जागचा हलला नाही. दुसऱ्यांदा अर्धा उठला आणि पुन्हा आपटला. काठावर कुणीतरी हसलं. तिसऱ्यांदा ती पट्टा सोडून पाण्यात उतरली, राफ्टभोवती पोहत एक फेरी मारली, तो फुगवणारा गॅसचा सिलिंडर कुठल्या बाजूला आहे ते बघितलं, त्याच्यावर दोन्ही पाय रोवले आणि मागे झोकून दिलं. राफ्ट उभा राहिला, क्षणभर विचार केल्यासारखा थांबला आणि तिच्या डोक्यावर पडला. बराच वेळ कुणी दिसेना. मग दुसऱ्याच बाजूनं तिचं डोकं बाहेर आलं, तोंडातून पाण्याची चूळ आणि पाठोपाठ एक सणसणीत शिवी. ती शिवी राफ्टला होती, असं तिनं मला शपथेवर सांगितलं.

"जिद्द चांगली, जीभ वाईट," धूरमास्तर म्हणाले.

हे सगळं मला तिनं त्याच संध्याकाळी आकाशपाळण्यांच्या मैदानावर सांगितलं. तिथे तिनं हट्टानं होडीच्या झोपाळ्यात बसायचं ठरवलं. तीन झोके झाले आणि वादळात न डगमगलेल्या आमच्या खलाशिणीचा चेहरा काकडीसारखा हिरवा पडला. खाली उतरून ती कुंपणाला धरून ओकली. मी पाठ चोळत होते आणि हसू दाबत होते.

"कुणाला सांगितलंस तर बघ," ती म्हणाली.

आम्ही नऊच्या आत घरी होतो. आईनं कारण विचारलं नाही. टिटवीनं सांगितलं नाही. मी सांगितलं. आई यंत्रावर डोकं टेकून हसली, पण टिटवी मोरीतून आल्यावर लगेच गंभीर झाली.

गुरुवारचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मी दुकानात होते. पण आई होती, आणि बोसनकाका होते, आणि दोघांच्या सांगण्यात फार फरक नाही. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. हे काका पन्नाशीचे, पोट सुटलेले, मितभाषी. त्यांनाही त्याच तेलाच्या जहाजावर जायचं होतं, म्हणून पोरांबरोबर बाकावर बसून शिकत होते.

त्या दिवशी धुराची खोली होती. खिडक्या नसलेली लोखंडी खोली, आत पेटवलेला ओला कचरा, हातभर अंतरावरचं दिसत नाही. पाठीवर हवेचा सिलिंडर, तोंडावर मास्क. भिंतीला हाताची मागची बाजू लावत आत जायचं, कुठेतरी टाकलेला माणसाच्या वजनाचा पुतळा शोधायचा आणि ओढत बाहेर आणायचा. सिलिंडरमधली हवा संपत आली की त्याची शिट्टी वाजते. ती वाजली की हातातलं काम टाकून निघायचं. हवा किती उरली ते दाखवणारा काटा धुरात वाचता येत नाही, तेव्हा ती शिट्टी म्हणजेच तुमचं घड्याळ.

आत जायच्या आधी प्रत्येकानं आपली शिट्टी तपासायची असते. सिलिंडरचा नळ बंद करायचा आणि नळीत उरलेली हवा हळूहळू ओढून संपवायची. काटा खाली येताना शिट्टी वाजायला हवी. टिटवीनं तसं केलं. काटा खाली आला, आणखी खाली आला, शून्यावर टेकला. शिट्टी वाजली नाही. तिनं पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"सर, याची शिट्टी वाजत नाही."

"वाजते. सकाळी मी स्वतः सगळे संच तपासलेत."

"आत्ता वाजली नाही. हे सगळे उभे आहेत, विचारा."

सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. प्रमाणपत्रावर मास्तरांची सही लागते, आणि प्रमाणपत्राशिवाय जहाज नाही. तेवढ्यात इंजिनवाला म्हणाला, "परवा नाचताना बऱ्या ऐकू येत होत्या शिट्ट्या!"

दोघं-तिघं हसले. मास्तरांनी विचारलं काय झालं, आणि त्यानं तिखटमीठ लावून सांगितलं. मास्तरांचा आवाज चढला. "असं आहे तर! रात्री हुंदडायचं आणि दिवसा धुराला घाबरायचं. मी सांगतो शिट्टी वाजते. घाल मास्क."

"नाही घालणार."

"शिट्टी वाजते!"

"सर, तुम्ही बहिरे आहात का?"

बोसनकाका म्हणाले, त्या वाक्यानंतर मास्तरांचा चेहरा थोबाडीत बसल्यासारखा झाला. रागानं माणूस लाल होतो, हे पांढरे पडले. मग हळू आवाजात म्हणाले, "आत जा. नाहीतर घरी जा."

"दोन्ही नाही," टिटवी म्हणाली. आणि धुराच्या खोलीच्या दारापुढच्या लोखंडी पायरीवर तिनं बैठक मारली. सिलिंडर मांडीवर घेतला.

इंजिनवाला पुढे आला. "दे इकडे. मी जातो. आमचा खोळंबा कशाला?"

"तुला तर मुळीच देणार नाही," ती म्हणाली. "तू आत गुदमरलास तर तुला ओढून बाहेर काढायला मलाच जावं लागेल. आणि तू पुतळ्यापेक्षा जड आहेस."

तो संच ओढू लागला. तिनं दोन्ही हातांनी कवटाळून धरला. दोर ओढणारे हात होते ते. त्यानं सोडून दिला.

कार्यालयातून आमच्या घरी फोन गेला, तुमच्या मुलीला घेऊन जा, ती कुणाचं ऐकत नाही. आई पडद्याची घडी घालत होती. ती तशीच उठली, पायात घरातल्या सपाता, गळ्यात मोजपट्टी, आणि रिक्षा करून केंद्रावर पोचली. जाताना तिच्या मनात टिटवीला कान धरून आणायचं होतं. हे ती स्वतः कबूल करते.

तिथे जाऊन बघते तर भाची पायरीवर, मांडीवर पिवळा सिलिंडर, भोवती पुरुषांचं कोंडाळं. मास्तर लांब उभे. कारकून आईला सांगायला लागला, रात्री उशिरापर्यंत बाहेर असते, नाचायला जाते, घरून धाक नाही. आईनं त्याला थांबवलं आणि टिटवीला विचारलं, "काय झालं? दोन वाक्यांत सांग. तुझी टकळी नको."

"हवा संपत आली की ही शिट्टी वाजायला हवी. वाजत नाही."

"वाजली नाही तर?"

"आतला माणूस आतच राहील."

आईनं सगळ्यांकडे एकदा बघितलं. मग सपाता सारख्या केल्या आणि टिटवीशेजारी त्या पायरीवर बसली. लोखंड तापलेलं होतं, ती जरा उठली, पुन्हा बसली.

"बाई, तुम्हाला हिला न्यायला बोलावलंय," कारकून म्हणाला.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "माझी पोरगी रात्री कुठे जाते ते मी बघीन. ते माझ्या घरातलं भांडण आहे, ते मी घरी जाऊन भांडेन, आणि चांगलं भांडेन. या डब्याची शिट्टी वाजते की नाही ते बघणं तुमचं काम. ते तुम्ही करा. तोवर आम्ही दोघी इथेच आहोत."

यावर बोसनकाकांनी आपल्या पाठीवरचा संच उतरवला. जमिनीवर ठेवला आणि पायरीच्या खाली, आईच्या पायांशी मांडी घालून बसले. मी त्यांना नंतर विचारलं, आधी का नाही बोललात? ते म्हणाले, "शिट्टी वाजली नाही हे मीही ऐकलं होतं, पोरी. पण तोंडाला कुलूप होतं. तुझ्या आईच्या पायात सपाता बघितल्या आणि लाज वाटली." काकांच्या मागून एकेक जण बसला. शेवटी इंजिनवाला एकटा उभा राहिला, तेव्हा त्यालाही बसण्यावाचून गत्यंतर उरलं नाही.

केंद्राचे प्रमुख आले. जुने कप्तान, शांत माणूस. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. टिटवीसमोर हात पुढे केला. तिनं त्यांना संच दिला. त्यांनी स्वतः मास्क लावला, नळ बंद केला, श्वास ओढला. सगळे कान टवकारून. काटा शून्यावर आला. आवाज नाही.

"हा सकाळी कुणी तपासला?"

"मी," धूरमास्तर म्हणाले. मग सगळ्यांसमोर, त्याच मोठ्या आवाजात म्हणाले, "काटा बघितला. शिट्टी वाजली असेल असं धरून चाललो. साहेब, मला ही बारीक शिट्टी ऐकू येत नाही. कधीपासून, ते मलाही ठाऊक नाही. आगीच्या बंबाची घंटा आयुष्यभर डोक्याशी वाजत होती. ही मुलगी म्हणाली ते खरं आहे."

आई सांगते, त्या क्षणी त्या माणसाची दया आली आणि आदरही वाटला. टिटवी उठली. तिचं तोंड उतरलं होतं. ती मास्तरांसमोर जाऊन उभी राहिली.

"सर, 'बहिरे' म्हणाले त्याबद्दल माफ करा. बसले त्याबद्दल माफी मागणार नाही."

मास्तरांनी कानामागे हात धरला. "काय म्हणालीस? मोठ्यानं बोल!"

तिनं घसा खरवडून सगळ्या बंदराला ऐकू जाईल अशा आवाजात तेच पुन्हा सांगितलं. मास्तर आधी हसले. मग बाकीचे.

कप्तानांनी सगळे संच दुरुस्तीला पाठवले आणि धुराची परीक्षा शनिवारवर ढकलली. यापुढे शिट्टी दोघादोघांनी मिळून एकमेकांची तपासायची, असंही ठरवलं. धूरमास्तरांना कुणी काढलं नाही. कान तपासून घ्यायला मात्र पाठवलं. जाता जाता कप्तान टिटवीला म्हणाले, "तुझं बरोबर होतं. तरी एक सांगतो, मोठा माणूस म्हणून. परीक्षेपर्यंत संध्याकाळी घरी बसून अभ्यास करावास."

"अभ्यास करते, सर," ती म्हणाली. "घरी बसायचं वचन देत नाही."

परत येताना आई सगळा रस्ता तिला बोलत होती. मोठ्या माणसाला बहिरा म्हणतात का, चारचौघांत जीभ सोडतात का, लग्नाच्या वयाची मुलगी तापलेल्या लोखंडावर बसते का. रिक्षावाला आरशातून बघत होता. टिटवी 'हो मावशी', 'हो मावशी' करत होती आणि मध्येच म्हणाली, "तू पण बसलीस." आई म्हणाली, "गप्प बस."

पण त्या रात्री आम्ही दहाला परतलो तेव्हा दाराला कडी नव्हती. आई दिवा मालवून पडली होती आणि झोपल्याचं सोंग करत होती. तिचं घोरणं मला ठाऊक आहे. ते असं नसतं.

शुक्रवारी त्यांनी जीवरक्षक होडी पाण्यात सोडली आणि पुन्हा वर घेतली, हातांचे फोड फुटेपर्यंत. शनिवारी धुराची खोली. मास्तरांनी मुद्दाम टिटवीची जोडी इंजिनवाल्याशी लावली. दोघांनी एकमेकांच्या शिट्ट्या तपासल्या, दोन्ही वाजल्या, दोघं आत गेले. ती म्हणाली, धूर एवढा दाट की डोळे मिटलेले आहेत का उघडे तेच कळेना. पुढे ती, भिंत चाचपत. मागे तो, शाळेच्या पहिल्या दिवशी पोरगं आईचा पदर धरतं तसा तिचा पट्टा धरून. पुतळा एका शिडीखाली सापडला. तिनं खांदे धरले, त्यानं पाय. बाहेर आल्यावर मास्क काढून तो तिथेच गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, "नाचाचं मी बोललो ते चुकलं."

"चुकलंच," टिटवी म्हणाली. "आणि तू नाचतोसही वाईट."

मास्तरांनी शेऱ्यात 'समाधानकारक' लिहिलं. मला वाईट वाटलं. मी म्हटलं, एवढं करून नुसतं समाधानकारक? ती म्हणाली, "अगं, धुरात मी पुतळ्याचं डोकं शिडीवर आपटलं. खरा माणूस असता तर टाके पडले असते. मास्तर माणूस खरा आहे. उगीच साखर पेरत नाही."

शनिवारी संध्याकाळी वर्गातले सगळे जमणार होते, त्याच भिंतीवर. आम्ही निघालो. मी चप्पल घालत होते आणि आई आतल्या खोलीतून बाहेर आली, कपाटातले ठेवणीतले कपडे घालून, केसांना तेलाचा हात लावून, ओठ घट्ट मिटून.

"तू कुठे?" मी विचारलं.

"बाहेर," आई म्हणाली.

जिन्यात समोरची शेजारीण भेटली, मंगळवारी झोपमोड झालेली. तिनं आईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "आता तुम्हीसुद्धा? या वयात? दिवेलागण झाल्यावर?"

मला वाटलं आई मागे फिरणार. गेली कित्येक वर्षं मी तिला या जिन्यात असंच कुणाच्या तरी एका वाक्यावर मागे फिरताना बघत आले होते. ती एक पायरी खाली उतरली आणि म्हणाली, "हो. यायचंय का? मासे चांगले मिळतात म्हणे." शेजारणीनं दार लावून घेतलं. टिटवीनं जिन्यातच अशी काही आरोळी ठोकली की वरच्या शिक्षकांची पट्टी पुन्हा बाहेर आली.

भिंतीवर आई बोसनकाकांशी पडद्यांविषयी बोलत बसली. जहाजाच्या खोल्यांनाही पडदे असतात आणि ते फार वाईट शिवलेले असतात, हे कळल्यावर तिला जेवण गोड लागेना. धूरमास्तर आले. त्यांच्या कानामागे नवं यंत्र होतं आणि ते प्रत्येकाला "हळू बोला रे, ओरडता कशाला?" म्हणून दटावत होते. टिटवी नाचली. भिंतीवर, वाऱ्यात, कुणाच्या तरी फोनवरच्या गाण्यावर. मीही नाचले. कशी ते विचारू नका.

रविवारी दुपारी आम्ही तिला बंदराच्या फाटकापर्यंत सोडायला गेलो. तिची लांबोडकी बॅग आम्ही दोघींनी मिळून कशीबशी ओढत आणली होती. पहारेकऱ्यानं बॅगेकडे बघितलं, मग तिच्याकडे. "कुणाचं सामान? नवऱ्याला पोचवायला आलात?"

"माझं," टिटवी म्हणाली. "नवरा अजून केला नाही. केलाच तर तो मला पोचवायला येईल."

पहारेकरी ओळखपत्र उलटंसुलटं करून बघत राहिला. आईनं तिच्या शर्टाची उसवलेली बाही बघितली, पर्समधून सुईदोरा काढला आणि फाटकात उभ्या उभ्या दोन टाके घातले. दातानं दोरा तोडला.

"तिकडे कुणाशी भांडू नकोस," ती म्हणाली.

"आणि भांडावं लागलं तर?"

आईनं सुई पर्समध्ये ठेवली. "तर मला फोन कर."

टिटवीनं बॅगेचा पट्टा धरला, एका हिसक्यात ती खांद्यावर टाकली आणि पहारेकऱ्याच्या हातातून आपलं ओळखपत्र काढून घेऊन आत चालू लागली. मागे वळून तिनं हात केला नाही. वाऱ्यानं तिचे केस उडत होते आणि ती कुणाला तरी लांबूनच मोठ्यानं हाका मारत होती.